हसऱ्या चेहऱ्याचा कोळी आणि आपला सोनटक्का : उपटू की ठेवू?

मृद्गंधा | शनिवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय. आज जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय झोप लागणार नाही.

आम्ही सहा वर्षं हिलोला राहतोय. हिलो म्हणजे हवाईच्या सगळ्यांत मोठ्या बेटाचा पूर्व किनारा. पाऊस आपल्या कोकणासारखा, फक्त तो आषाढ-श्रावण बघत नाही, बारा महिने पडतो. महिन्यातून एका शनिवारी आम्ही काहीजण वर किलाउएआ ज्वालामुखीच्या बाजूच्या जंगलात श्रमदानाला जातो. उंची साधारण बाराशे मीटर, ओहिआची झाडं, माणसापेक्षा उंच नेचे, सगळीकडे शेवाळ. आत शिरण्याआधी बुटांचे तळवे ब्रशने खरवडून घासायचे आणि त्यावर अल्कोहोल फवारायचं, कारण ओहिआला मारणारी बुरशी चिखलातून पसरते. आत गेल्यावर काम एकच : बाहेरून आलेली झाडं काढणं. त्यात पहिला नंबर काहिली जिंजरचा, म्हणजे सोनटक्क्याच्या पिवळ्या बहिणीचा. आणि मध्येमध्ये पांढरा, आपला, अगदी आजीच्या विहिरीजवळचा सोनटक्का.

आज मी सोनटक्क्याचा एक दांडा वाकवला, कोयता उचलला आणि पानाच्या खालच्या बाजूला काहीतरी पिवळं चमकलं. पान उजेडाकडे धरून पाहिलं. साबुदाण्याएवढं पोट, लिंबाच्या सरबताच्या रंगाचं, जवळजवळ आरपार दिसणारं. त्यावर दोन काळे ठिपके आणि खाली लाल रंगाची वळलेली रेघ. दोन डोळे आणि हसरं तोंड! पाय लांबच लांब, केसाएवढे बारीक, काचेचे असावेत तसे. आणि त्या पायांखाली कापसाच्या बोंडासारखी पांढरी अंड्यांची पिशवी.

ही हसऱ्या चेहऱ्याची कोळीण, शास्त्रीय नाव थेरिडियन ग्रॅलेटर. जगात फक्त हवाईत सापडते. इथल्या भाषेत 'नानानाना माकाकिई'. नानानाना म्हणजे कोळी, माकाकिई म्हणजे मुखवटा. सहा वर्षं फोटोतच बघत होते.

मी कोयता खाली ठेवला तो ठेवलाच. ते एक झाड आम्ही सोडून दिलं. पण घरी आल्यापासून डोक्यात तेच चाललंय. ज्या झाडाला इथल्या जंगलाचा शत्रू म्हणून आम्ही उपटतोय, त्याच्याच पानाखाली इथली लेक बाळंतपणाला बसलीय. मग उपटायचं की ठेवायचं? तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?

आणि दुसरा प्रश्न. माझ्या परसात शेजारच्या आजींनी दिलेला सोनटक्का आहे. आठ-दहा दांडे झालेत. त्याचं काय करू?

---

चिंगी | शनिवार, रात्री ९.२२

फोटो टाका, फोटो! वर्णन वाचून अंगावर काटा आला, आणि कोळ्याच्या बाबतीत पहिल्यांदाच तो भीतीचा नव्हता.

---

आंबोलीकर | शनिवार, रात्री ९.४०

मृद्गंधाताई, नशीबवान आहात. मी आंबोलीत बॅटरी लावून पानं उलटीपालटी करत अख्खा पावसाळा काढतो, पण असं हसून कुणी स्वागत केलेलं नाही.

माझं मत स्पष्ट : उपटा. कोळ्याने पानाचा आसरा घेतला म्हणून ते झाड तिथलं होत नाही. आमच्याकडे घाणेरीवर फुलपाखरं बसतात, म्हणून घाणेरी वाढू द्यायची का? बुलबुल फळं खातात, बिया टाकतात आणि दोन वर्षांत रानात पाय ठेवायला जागा उरत नाही.

---

देवगडची_सून | शनिवार, रात्री ९.५५

सोनटक्क्याला घाणेरीच्या पंगतीला बसवलंत, वाईट वाटलं हो. सासूबाईंच्या परसात न्हाणीच्या पाण्यावर सोनटक्का वाढलाय. संध्याकाळी कळ्या काढून पेल्यात ठेवायच्या, सकाळी उमललेली फुलं वेणीत. माझ्या बाळंतपणात खोलीत तोच वास होता.

---

अनाहूत | शनिवार, रात्री १०.०३

प्रश्न : तो हसतो कशाला? म्हणजे त्या चेहऱ्याचा त्याला उपयोग काय? पक्षी घाबरतात का?

---

कीटकमित्र | शनिवार, रात्री १०.४८

@अनाहूत, ते तोंड नाहीच. पोटाच्या वरच्या बाजूची नक्षी आहे ती. खरा चेहरा पुढे, आठ डोळ्यांचा आणि एवढासा. आपल्याला दोन ठिपके आणि एक रेघ दिसली की चेहरा दिसतो. ढगांत गणपती दिसतो ना, तसंच. पक्ष्याला तिथे हसू दिसतं असं म्हणायला काही आधार नाही.

खरी गंमत पुढे आहे. हसरे कोळी हे त्या जातीतले थोडे. तीन कोळ्यांतले साधारण दोन साधे पिवळे असतात, पोटावर काहीही नसतं. उरलेल्यांत मात्र नुसती रंगपंचमी. कुणाला लाल टिळा, कुणाला काळी पट्टी, कुणाला पांढऱ्यावर लाल कडं, कुणाचं तोंड हसरं तर कुणाचं दुःखी. एकाच झाडावर, एकाच आईच्या पिल्लांतही वेगवेगळे.

असं का, याचं सगळ्यांत पटणारं उत्तर पक्ष्यांच्या नजरेत आहे. तांदूळ निवडताना आठवा. दोन-चार पांढरे खडे सापडले की नजर पांढऱ्या खड्यांनाच सरावते, आणि एखादा काळपट खडा डोळ्यांसमोरून निघून जातो. तो थेट दाताखाली येतो. पक्ष्याचंही तसंच. पिवळे कोळी जास्त म्हणून नजर पिवळ्यावर बसते. जो वेगळा दिसतो तो सुटतो. पण वेगळे फार झाले की पक्षी तेही शिकणार. म्हणून जो नमुना दुर्मीळ त्याचं फावतं, आणि कुठलाच नमुना पूर्ण संपत नाही.

---

जुनापिंपळ | रविवार, सकाळी ६.३०

कीटकमित्र यांनी तांदळाचं उदाहरण फार छान दिलं. बत्तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं, हे सुचलं नव्हतं. थोडी भर घालतो.

या कोळ्याचं नामकरण १९०० साली झालं, फ्रेंच अभ्यासक यूजीन सिमोन यांनी केलं. ग्रॅलेटर म्हणजे लॅटिनमध्ये काठ्यांच्या उंच पायांवर चालणारा. मृद्गंधा, तुम्ही पायांचं वर्णन केलंत तेच त्यांच्या नजरेत भरलं असणार. हसण्याचा त्या नावात मागमूस नाही!

पुढे १९८० च्या दशकापासून रोझमेरी गिलेस्पी आणि जेफ्री ऑक्सफर्ड यांनी या कोळ्याच्या रंगांचा पिच्छा पुरवला. प्रयोगशाळेत जोड्या लावल्या, पिल्लं मोजली. माउई बेटावर हिशेब मेंडेलच्या वाटाण्यासारखा सरळ निघाला : रंगाचं सगळं काम एकाच जागेच्या जनुकावर, त्याची अनेक रूपं, आणि साधा पिवळा सगळ्यांपुढे दबणारा. वर्गात फळ्यावर मांडावं इतकं स्वच्छ.

मग तेच काम त्यांनी मोठ्या बेटावर केलं, म्हणजे मृद्गंधा राहतात तिथे. आणि हिशेब जुळेना. तिथे काही नमुने नर आणि मादीत वेगवेगळे उमटतात, एकाच जनुकाने भागत नाही. दोन्ही बेटांवरचे कोळी दिसायला तेच, पण तिथे पोचायची आतली वाट निराळी. एकच पुरणपोळी, पण दोन घरांत दोन कृती. मोठं बेट सगळ्यांत तरुण, पाच लाख वर्षांच्या आतबाहेरचं. माउईहून कोळी तिथे गेले आणि त्या थोड्या काळात रंगांचा कारखाना नव्याने उभा राहिला. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या दिवशी वर्गात ठरलेला धडा बाजूला ठेवला होता.

---

चिंगी | रविवार, सकाळी ७.१५

पिंपळकाका, तुम्ही मला शिकवायला असतात तर मी कॉमर्सला गेले नसते.

---

समीप | रविवार, सकाळी ८.०२

माझा विरुद्ध सूर आहे, रागावू नका. एवढ्या साबुदाण्याएवढ्या जीवासाठी इतका विचार? मृद्गंधाताई, तुम्ही रविवार-शनिवार घरच्यांना द्या. जंगल आपलं आपण सांभाळतं. जे टिकायचं ते टिकेल.

---

आंबोलीकर | रविवार, सकाळी ८.२०

@समीप, जंगल आपलं आपण सांभाळतं हे खरं, पण माणसाने त्यात ढवळाढवळ केली नसेल तर. हवाईला लाखो वर्षं एकही मुंगी नव्हती. एकही! तिथल्या मूळ जीवांना मुंगी म्हणजे काय हेच माहीत नाही. आता जहाजांतून आलेल्या मुंग्या सखल भागातलं सगळं साफ करतात. कोळी वर डोंगरात उरलाय तो हौसेने नव्हे.

---

भटकभवानी | रविवार, सकाळी ९.३३

अवांतर आहे पण राहवत नाही. हवाईला गेले होते तेव्हा हॉटेलच्या हिरवळीवर साळुंकी! अगदी आपली, पिवळ्या चोचीची, भांडखोर. मला वाटलं माहेरचं माणूस भेटलं. गाइडने सांगितलं, १८६५ मध्ये भारतातून आणली, गवतातल्या अळ्या खायला. दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडताना मुंगूस!

---

कीटकमित्र | रविवार, सकाळी १०.१०

मुंगसाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. १८८३ मध्ये ऊसमळ्यांतले उंदीर मारायला मुंगसं आणली, तीही जमैकातून. जमैकात ती त्याआधी दहा-अकरा वर्षं कलकत्त्याहून गेलेली. उंदीर निघतो रात्री, मुंगूस फिरतं दिवसा. गाठ पडायची कशी? मुंगसाने मोर्चा वळवला जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या अंड्यांकडे. नेने नावाचा तिथला हंस त्यात जवळजवळ संपला होता. काउआई बेटावर मुंगसांचं बस्तान बसलं नाही, तिथे पक्ष्यांची स्थिती त्यामानाने बरी.

म्हणजे सोनटक्का, साळुंकी, मुंगूस. तिघेही आपल्या अंगणातले. आपल्याकडे त्यांना धाक असणारे शत्रू आहेत, तिथे कुणी नाही.

---

रातराणी | रविवार, सकाळी १०.४१

आणि त्यांच्याकडून (म्हणजे त्या बाजूच्या जगाकडून) आपल्याकडे घाणेरी, गाजरगवत आणि कोसमॉस. फिटंफाट म्हणावं तर दोघांचंही नुकसानच.

---

टेकडीवरचा | रविवार, दुपारी १२.२५

मृद्गंधाताईंच्या प्रश्नाकडे येतो. पुण्यात आमच्या टेकडीवर गिरिपुष्प (बाहेरून आणलेलं झाड, ग्लिरिसिडिया) काढायचं की ठेवायचं यावरून गेली कित्येक वर्षं वाद चाललाय, त्यातून शिकलेलं सांगतो. एका दिवसात सगळं उघडं केलंत तर ऊन थेट जमिनीवर येतं, ओल जाते, आणि जे वाचवायचं ते आधी मरतं. काढायचं ते टप्प्याटप्प्याने, आणि काढलेल्या जागी लगेच काहीतरी लावून. आमच्या पहिल्या वर्षीच्या उत्साहात आम्ही अर्धा उतार बोडका केला होता. पावसात माती वाहून गेली. ती चूक आठवली की अजून वाईट वाटतं.

कोळ्याचं पान ज्या दिवशी कापाल त्या दिवशी त्याला शेजारी दुसरं पान मिळालं पाहिजे.

---

अनाहूत | रविवार, दुपारी १.०५

हा इवला म्हणताय, पण सर्वांत छोटा कोळी वेगळा ना? तोही कुठल्यातरी बेटावरचाच वाचल्यासारखं वाटतंय.

---

कीटकमित्र | रविवार, दुपारी १.३०

सर्वांत छोट्यांपैकी एक, पाटू मारप्लेसाय. सामोआतल्या उपोलू बेटावर शेवाळात मिळाला. नर अर्ध्या मिलीमीटरहूनही लहान. मृद्गंधाताईंचा कोळी पाच मिलीमीटरपर्यंत जातो, त्याच्यापुढे हत्ती! छापलेल्या पूर्णविरामावर पाटू बसला तर पूर्णविरामच दिसेल.

---

जुनापिंपळ | रविवार, दुपारी ४.१०

बेटांचा विषय निघालाच आहे तर काउआईच्या गुहेतला कोळी सांगतोच. लांडगा-कोळ्यांचं कूळ म्हणजे मोठ्या, तीक्ष्ण डोळ्यांचं. त्यांतला एक काउआईत लाव्हाच्या नळीसारख्या गुहांत गेला, पिढ्यान्‌पिढ्या अंधारात राहिला आणि त्याचे डोळेच गेले. डोळेवाल्या कुळातला बिनडोळ्यांचा. स्थानिक नाव 'पेए पेए माका ओले'. अंडी एका वेळी पंधरा ते तीस, बास. एका छोट्या भागातल्या मोजक्या गुहा सोडल्या तर जगात कुठे नाही.

हवाई जमिनीला कधीच जोडलेलं नव्हतं. समुद्राच्या तळातून ज्वालामुखीने वर काढलेली बेटं, कॅलिफोर्नियापासून जवळपास ३,८०० किलोमीटर. वाऱ्यावर रेशमाच्या धाग्याला लटकून कधीतरी एखादा कोळी पोचला असेल. त्याच्या लेकरांना सगळं रान मोकळं. म्हणून अशा गोष्टी तिथे घडतात.

---

देवगडची_सून | रविवार, सायंकाळी ६.४५

रेशमाच्या धाग्याला लटकून समुद्र ओलांडला. हे वाक्य लेकीला वाचून दाखवलं. तिने लगेच विचारलं, "त्याची आई कुठे होती?" मला उत्तर देता आलं नाही.

---

कीटकमित्र | रविवार, रात्री ८.१५

@देवगडची_सून, लेकीला सांगा की या हसऱ्या कोळ्याची आई फार चांगली असते. पुष्कळ कोळी अंडी घालून मोकळे होतात. ही अंड्यांच्या पिशवीजवळ बसून राहते, हलत नाही. पिल्लं बाहेर आली की त्यांच्यासाठी शिकार पकडते, आणि पिल्लं तिच्या आसपास काही काळ राहतात. आणखी एक, तिच्याजवळ दुसरीची पिल्लं आणून ठेवली तरी ती त्यांना हाकलत नाही, आपल्यात घेते. हे अभ्यासकांनी पाहिलेलं आहे.

शिकारही तिची निराळी. मोठं जाळं विणून वाट बघत बसायची नाही. पानाखाली दोन-चार विरळ धागे, बाकी भिस्त पायांवर. पानावर एखादी माशी चालली की त्याचा कंप पायांना कळतो. मग मागच्या पायांवरच्या फणीसारख्या केसांनी चिकट रेशीम ओढून शिकारीवर टाकते. त्याच कुळात काळी विधवा म्हणून बदनाम झालेला कोळीही आहे, पण ही आपली माणसाला कणभरही त्रास देत नाही.

---

आंबोलीकर | रविवार, रात्री ८.४०

कंपावरून आठवलं. या कोळ्याला गुळगुळीत पान आवडतं, कारण लव असलेल्या पानावर कंप नीट पोचत नाहीत. मृद्गंधाताई, पुढच्या वेळी सोनटक्क्याच्या पानाच्या खालच्या बाजूवर बोट फिरवून बघा. माझ्या आठवणीप्रमाणे तिथे मऊ लव असते. तसं असेल तर ही बाई तिथे राहतेय, पण अडचणीत राहतेय. चाळीतल्या खोलीत बिऱ्हाड केलं म्हणजे वाडा नको झाला असं नव्हे.

---

समीप | रविवार, रात्री ९.२०

सकाळी जरा उथळ लिहिलं. सगळा धागा वाचला. पिल्लांच्या भागाने मला गप्प केलं. माझा पहिला प्रतिसाद मागे घेतो.

---

चिंगी | रविवार, रात्री ९.२५

समीप, मोठ्या मनाने लिहिलंत. तुमच्या घरातले कोळी आज निवांत झोपतील.

---

रातराणी | सोमवार, सकाळी ११.००

घरातल्या कोळ्यांवरून. दिवाळीच्या साफसफाईत मी जळमटं काढते पण कोळी कागदावर घेऊन बाल्कनीत सोडते. सासऱ्यांना आवडायचं नाही. ठाण्यात सापडलेल्या उड्या मारणाऱ्या कोळ्याबद्दल गेल्या वर्षी त्यांना वाचून दाखवलं. २०२१ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या नव्या जातीला 'आयसियस तुकारामी' नाव दिलं, हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या स्मरणार्थ. सासरे पोलिसात होते. थोडा वेळ काही बोलले नाहीत. आता कोळी दिसला की स्वतः कागद आणतात.

---

जुनापिंपळ | सोमवार, दुपारी १२.१५

रातराणी, डोळ्यांत पाणी आणलंत.

---

भटकभवानी | सोमवार, रात्री १०.०५

सोनटक्क्याची बाजू मांडायला एक माहिती : क्यूबाचं राष्ट्रीय फूल सोनटक्का आहे! तिथेही तो आशियातूनच गेलेला. म्हणजे एका बेटाने त्याला डोक्यावर घेतलं, दुसरं त्याला कंटाळलंय. हवाईतही फुलांच्या माळांत, त्यांच्या 'लेई'मध्ये, सोनटक्का हौसेने ओवतात. त्यांचंही प्रेम आहेच त्याच्यावर.

---

टेकडीवरचा | मंगळवार, सकाळी ७.५०

प्रेम आहे म्हणूनच प्रश्न अवघड. नुसतं तण असतं तर हा धागाच निघाला नसता.

---

मृद्गंधा | शनिवार, रात्री ८.३०

मंडळी, आठवडाभर सगळं वाचत होते, पण लिहिण्याआधी पुन्हा वर जाऊन यायचं होतं. आज गेले.

आधी आंबोलीकरांचं. बोट फिरवलं. लव आहे. अगदी मऊ, पीचच्या सालीसारखी. तुमचं बरोबर निघालं. आमच्या गटप्रमुख बाई चाळीस वर्षं याच डोंगरावर काम करतायत. त्यांना विचारलं. म्हणाल्या, हा कोळी सोनटक्क्यावर मिळतो, पण कमी. खरा मुक्काम कानावाओवर. कानावाओ म्हणजे हायड्रेंजियाच्या कुळातलं इथलं झुडूप, जगात दुसरीकडे कुठेही नाही. त्याशिवाय ओलापा. ओलापाची पानं जराशा वाऱ्यानेही थरथरतात, पिंपळासारखी. (पिंपळकाका, तुमची आठवण झाली.)

मग त्यांनी मला खाली बसवून काहिलीचा कंद दाखवला. पहारीने माती बाजूला केली तर कंदांची गादीच. एकमेकांत गुंतलेली, ढोपराएवढी जाड, आणि काही ठिकाणी मीटरभर जाडीची होते म्हणाल्या. त्या गादीतून कानावाओचं बी उगवूच शकत नाही. डोक्यावर आत्ता जी ओहिआ आणि ओलापाची झाडं आहेत ती म्हातारी होऊन पडतील आणि त्यांच्याखाली पोरच नसेल. मी इतके महिने दांडे छाटत होते, पण खाली काय चाललंय हे आज हाताला लागलं. काहिलीचं बी लाल-केशरी असतं, पक्षी ते लांबवर नेतात. काहिली हे नाव इथल्या राजांपुढे नाचवायच्या पिसांच्या दंडावरून पडलंय, आपल्या मोरचेलासारख्या. दिसतंही तसंच, राजबिंडं. म्हणूनच कुणीतरी बागेत लावलं असणार.

टेकडीवरचा, तुमचा प्रतिसाद मी त्यांना इंग्रजीत सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या की त्यांनीही सुरुवातीला तीच चूक केली होती. आता छोटे छोटे चौकोन काढतात आणि त्याच दिवशी कानावाओची रोपं लावतात. आज मी सात लावली. नखांत अजून माती आहे.

आणि ती? ती तिथेच होती, त्याच पानाखाली. पिशवी अजून पांढरी, पण आत बारीक काळसर ठिपके दिसायला लागलेत. गटाने ठरवलंय की त्या दांड्याभोवती दोन हात जागेत पिल्लं पांगेपर्यंत कुणी कोयता चालवायचा नाही. लाल फीत बांधून ठेवलीय. आजच्या सातांतली तीन रोपं मी त्या दांड्याला लागून लावली, पानाला पान टेकेल इतक्या जवळ.

---

चिंगी | शनिवार, रात्री ८.३८

ठिपके!! म्हणजे पिल्लं!

---

अनाहूत | शनिवार, रात्री ८.५०

रंग वेगळे असतील का गं पिल्लांचे? सगळी पिवळीच की कुणी हसरं?

---

कीटकमित्र | शनिवार, रात्री ९.१२

@अनाहूत, लगेच कळणार नाही, नक्षी वाढता वाढता उमटते. आणि आणखी एक, साध्या पिवळ्याचं पोट इतकं पारदर्शक की खाल्लेल्या अन्नाने काही दिवस रंग बदलतो. म्हणून मृद्गंधाताई, फोटो काढाल तेव्हा एका दिवसाच्या रंगावरून नाव देऊ नका. दोन-तीन वेळा बघा. आणि फ्लॅश नको, पान उलटं धरून फार वेळ ठेवू नका. ती दचकून पिशवी सोडून गेली तर अंडी उघडी पडतील.

---

देवगडची_सून | शनिवार, रात्री १०.०२

परसातल्या सोनटक्क्याचं काय ठरवलंत ते राहिलं.

---

मृद्गंधा | शनिवार, रात्री ११.१५

@कीटकमित्र, आज फोटो काढलाच नाही. चिंगी, माफ कर.

@देवगडची_सून, परसातला सोनटक्का. आठवडाभर त्याच्याजवळ जाऊन उभी राहायचे. आमचं घर खाली किनाऱ्याजवळ, जंगलापासून दूर, पण मागून ओढा जातो. सोनटक्का इथे मुख्यतः कंदाच्या तुकड्यांनी पसरतो, आणि आमच्याकडचा ओढा महिन्यातून एकदा तरी दुथडी भरतो. एक तुकडा वाहून गेला की झालं. ज्या आजींनी दिला त्यांना जाऊन सांगितलं. त्यांच्या आजीने तो लावला होता. त्या म्हणाल्या, "फुलं माझ्याकडे येऊन तोडत जा, माझ्या अंगणाला भिंत आहे."

उद्या सकाळी काढणार आहे. मोठी कुंडी आणलीय, दोन दांडे त्यात लावीन, ओसरीवर, सिमेंटच्या कट्ट्यावर. बाकीचे कंद काळ्या पिशवीत बांधून उन्हात. आज शेवटच्या कळ्या काढून पेल्यात ठेवल्यात. रात्रभरात उमलतील. बाहेर को-की बेडूक ओरडतायत, घरात सगळीकडे वास सुटलाय.

---

देवगडची_सून | शनिवार, रात्री ११.२१

पेल्यात पाणी अर्धंच ठेवा. देठ बुडाले की पाकळ्या लवकर काळ्या पडतात.

---

आंबोलीकर | रविवार, सकाळी ६.०५

ताई, कुंडीच्या खाली ताटली ठेवा आणि दर पावसाळ्यात, म्हणजे तुमच्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी, कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आलीत का बघा. आणि पिल्लं बाहेर आली की धागा वर काढा. मी रोज बघतोय.